बारा गावचं पाणी: राहुल भेकेच्या करिअरची गोष्ट

ज्यांचे इयरफोन आज घरी राहिलेत, किंवा जे ऑफिसात बसून गुपचूप वाचतायत, त्यांच्यासाठी हा या आठवड्याच्या एपिसोडचा लिखित भाग. बोलताना मी जिथे जिथे भरकटलो ते थोडं कापलंय. सगळं नाही कापलं, कारण मग काही उरलंच नसतं.

तर, १७ मार्च २०१९, रविवार. मी तेव्हा इंजिनियरिंगला होतो. घाटकोपरहून मेट्रो पकडली, आझाद नगरला उतरलो आणि चालत अंधेरी स्पोर्ट्स कॉम्प्लेक्सला गेलो. आयएसएलची फायनल, बेंगळुरू एफसी विरुद्ध एफसी गोवा. आपली मुंबई सिटी त्यात नव्हती. गोव्याने सेमीफायनलमध्ये याच मैदानावर आपल्याला ५-१ असं धुतलं होतं. त्यामुळे आम्ही चार मित्र तिथे कोणाचेच नव्हतो. तिकीट होतं म्हणून गेलो, असं समजा.

नव्वद मिनिटं शून्य-शून्य. एक्स्ट्रा टाइमचा पहिला हाफ संपता संपता गोव्याचा अहमद जाहू दुसरं पिवळं कार्ड खाऊन बाहेर गेला. तरी शून्य-शून्य. आम्ही पेनल्टी शूटआउटची मानसिक तयारी करत होतो, आणि एक जण 'शेवटची मेट्रो किती वाजता रे?' असं विचारत होता. तेवढ्यात ११७व्या मिनिटाला बेंगळुरूला कॉर्नर मिळाला. दिमास देल्गादोने बॉल टाकला, गर्दीतून एक डिफेंडर उडाला आणि हेडर थेट जाळ्यात. १-० झालं आणि बेंगळुरू चॅम्पियन.

माझ्या बाजूला बसलेले एक काका उठून ओरडले, "अरे, हा तर आपला भेके!"

मी विचारलं, "आपला म्हणजे?"

"मुंबईचा रे. मुंबई एफसीचा."

मला तोपर्यंत मुंबई सिटी एफसी माहीत होता. मुंबई एफसी नावाचा वेगळा क्लब होता, हे नीटसं माहीत नव्हतं. घरी येताना मेट्रोत मी राहुल भेकेचं विकिपीडिया पान उघडलं. उजव्या बाजूच्या चौकटीत क्लबांची ही लांबलचक यादी. मुंबई, कोलकाता, कोची, पुणे, पुन्हा कोलकाता, बेंगळुरू. माझी पहिली प्रतिक्रिया काय होती माहितीये? 'हा माणूस कुठे टिकतच नाही वाटतं.'

आजचा एपिसोड त्या प्रतिक्रियेवर आहे. कारण ती साफ चुकीची होती.

*

आधी एक शब्द. इंग्रजीत अशा खेळाडूला 'जर्नीमन' म्हणतात. ऐकल्यावर वाटतं की 'जर्नी' म्हणजे प्रवास, म्हणजे हा सतत प्रवास करणारा. पण शब्द तिथून आलेला नाही. मूळ फ्रेंच शब्द आहे 'जुर्ने', म्हणजे एक दिवस, एका दिवसाचं काम. जर्नीमन म्हणजे ज्याने काम शिकून घेतलंय, हातात कला आहे, पण स्वतःचं दुकान नाही. दिवसाच्या हिशोबाने दुसऱ्याकडे काम करतो असा कारागीर. आपल्याकडे सरळ शब्द आहे: रोजंदार. आणि अनुभवाच्या अंगाने बोलायचं तर, बारा गावचं पाणी प्यायलेला.

असे खेळाडू जगभर असतात. अमेरिकेत जेफ कनिंगहॅम नावाचा स्ट्रायकर होता. जन्म जमैकाचा, खेळला अमेरिकेकडून. त्यांच्या मेजर लीग सॉकरमध्ये तो कोलंबस, कोलोराडो, सॉल्ट लेक, टोरँटो, डॅलस आणि परत कोलंबस असा फिरला. २००६ आणि २००९, दोन वेळा लीगचा टॉप स्कोअरर, तेही दोन वेगवेगळ्या क्लबांकडून! त्या लीगची गंमत अशी की खेळाडूचा करार क्लबशी नाही, लीगशी असतो. त्यामुळे क्लब आपापसात खेळाडूंची अदलाबदल करू शकतात. सकाळी उठलात आणि कळलं की आता तुमचं शहर बदललं. तिथे खेळाडू फिरतो कारण सिस्टिमच तशी बांधलीय.

आपल्याकडचा खेळाडू का फिरतो? राहुल भेकेच्या यादीतली पहिली ओळ बघितली की उत्तर मिळायला लागतं.

*

पहिली ओळ: मुंबई एफसी. हा क्लब २००७ साली सुरू झाला. पिवळी जर्सी, घर म्हणजे कूपरेज. कधी चॅम्पियन झाला नाही, कधी फार जवळही गेला नाही. पण आय-लीगमध्ये चिवटपणे टिकून राहायचा. २००९ ते २०१६ अशी सात वर्षं कोच होते खालिद जमील. हे नाव लक्षात ठेवा, एपिसोडच्या शेवटी परत येणार आहे. खालिद स्वतः मुंबईच्या क्लबांमधून खेळलेले: महिंद्रा युनायटेड, एअर इंडिया, मुंबई एफसी. आणि बघा, त्यांच्या या यादीतला एकही क्लब आज त्या लीगमध्ये नाही.

महिंद्रा युनायटेड १९६२ची टीम. २००५-०६ मध्ये नॅशनल फुटबॉल लीग जिंकली, म्हणजे देशात पहिली. चारच वर्षांनी, २०१० मध्ये, कंपनीने टीम बंद केली. एअर इंडिया २०१२-१३ पर्यंत आय-लीगमध्ये होती. मग क्लब लायसन्सिंगचे निकष पूर्ण होत नाहीत म्हणून बाहेर. ओएनजीसीचंही तेव्हाच तसंच झालं. या कंपन्यांच्या टीम होत्या. खेळाडूला नोकरी असायची, पगार असायचा, पण व्यावसायिक क्लबाला जे लागतं, म्हणजे युथ टीम, स्वतःचं बजेट, स्वतंत्र कंपनी, ते नव्हतं. निकष चुकीचे होते असं मी म्हणत नाही. पण त्या निकषांनी जे दार बंद केलं त्याच्या आत काही डझन पगार होते, एवढंच लक्षात राहू द्या.

राहिला मुंबई एफसी. २०१६-१७ च्या सीझनमध्ये तो शेवटच्या नंबरवर आला, रेलिगेट झाला, आणि खालच्या डिव्हिजनमध्ये खेळण्याऐवजी बंदच झाला. विषय संपला.

म्हणजे कल्पना करा. तुम्ही २००८ साली सतरा-अठरा वर्षांचे आहात, मालाडला राहता, चांगला बॉल खेळता. तुमच्या शहरात देशाच्या पहिल्या लीगमध्ये खेळणाऱ्या तीन टीम आहेत. दहा वर्षांनी तुम्ही सत्तावीस-अठ्ठावीसचे आहात, फुटबॉलरच्या ऐन भरात, आणि त्या तिन्ही टीम गायब. मुंबई सिटी नवीन आलीय, पण ती एकच. तुम्ही कुठे जाल?

राहुल भेकेचा जन्म ६ डिसेंबर १९९०चा. गणित तुम्हीच करा.

*

मुंबई एफसीतून तो ईस्ट बंगालला गेला. कोलकाता. आणि इथून यादी गोंधळाची होते, कारण इथे भारतीय फुटबॉलने एक असा प्रयोग केला होता जो आज नवीन फॅनला समजावताना माझी दमछाक होते. तरी प्रयत्न करतो.

२०१४ साली आयएसएल आली. पण आय-लीग बंद झाली नव्हती. म्हणजे एकाच देशात दोन लीग. मग केलं काय, तर वेळ वाटून घेतली. आयएसएल ऑक्टोबर ते डिसेंबर, आय-लीग जानेवारी ते मे. आयएसएलच्या बहुतेक टीम नव्या होत्या आणि त्यांना भारतीय खेळाडू हवे होते. आय-लीगचे क्लब त्या तीन महिन्यांत रिकामे. म्हणून मग खेळाडू तीन महिने इकडे, पाच महिने तिकडे. काही लोनवर, काही स्वतंत्र करारावर.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे लगेच कळतं. एकच माणूस दोन प्रोजेक्टवर, प्रत्येकी पन्नास टक्के. कागदावर छान दिसतं. प्रत्यक्षात दोन मॅनेजर, दोन पद्धती, आणि दोघांनाही वाटतं की हा पूर्ण आपलाच आहे.

तर भेकेची वर्षं अशी गेली. २०१५ ची आयएसएल केरळ ब्लास्टर्सकडून, मग ईस्ट बंगाल. २०१६ ची आयएसएल एफसी पुणे सिटीकडून, मग परत ईस्ट बंगाल. त्यात कोलकात्याच्या क्लबांना पावसाळ्यात स्थानिक कोलकाता लीगही असते, ती वेगळीच. दर काही महिन्यांनी नवीन ड्रेसिंग रूम, नवीन कोच, नवीन भाषा. केरळमध्ये बॉल मागताना काय ओरडायचं आणि सिलिगुडीत काय ओरडायचं? डिफेंडरसाठी हा साधा प्रश्न नाही. फॉरवर्ड गप्प राहून गोल करू शकतो. डिफेंडरला नव्वद मिनिटं बोलावं लागतं: लाइन वर, लाइन खाली, याला धर, त्याला सोड.

आणि त्या पुणे सिटीचं पुढे काय झालं ते ऐका. २०१९ मध्ये तो क्लब बंद पडला. त्याची जागा हैदराबाद एफसीला मिळाली. २०२५ मध्ये हैदराबादचा क्लब उचलून दिल्लीला नेला, आता नाव स्पोर्टिंग क्लब दिल्ली. म्हणजे भेके सोडा, इथे क्लबच जर्नीमन आहेत!

तर विकिपीडियाची ती चौकट परत बघा. त्यातल्या दोन क्लबांचं नाव आज फक्त त्या चौकटीतच आहे. माणूस टिकत नव्हता असं मी म्हटलं होतं ना? त्याच्या पायाखालचे क्लबच टिकत नव्हते.

*

जरा बाजूला जाऊन दुसऱ्या एका मुंबईकराबद्दल सांगतो, कारण त्याच्याशिवाय ही गोष्ट अर्धी राहील. जयेश राणे. १९९३ चा जन्म, मिडफिल्डर, हाही मुंबई एफसीतून आलेला. २०१५ मध्ये चेन्नईयिन एफसीबरोबर आयएसएल जिंकला.

२०१६ मध्ये खालिद जमीलना मुंबई एफसी सोडावं लागलं. सात वर्षांनंतर. ते गेले मिझोरामला, आयझॉल एफसीत. हा क्लब आदल्या सीझनला रेलिगेट झालेला होता. पण गोव्याच्या क्लबांनी आय-लीगमधून माघार घेतली, जागा रिकामी झाली, म्हणून आयझॉलला परत घेतलं. अशा टीमला कोण जाणार? खालिदनी आपल्या ओळखीची पोरं नेली. मुंबई एफसीतले जयेश राणे आणि आशुतोष मेहता तिकडे गेले.

३० एप्रिल २०१७. शिलाँगमध्ये शेवटची मॅच, शिलाँग लाजाँगशी १-१ बरोबरी, आणि आयझॉल एफसी भारताचा चॅम्पियन. ईशान्येतला पहिला क्लब. मोहन बागान मागे, बेंगळुरू मागे. आणि त्याच टेबलमध्ये सगळ्यात खाली कोण? मुंबई एफसी. ज्यांनी खालिदना जाऊ दिलं तो क्लब त्याच सीझनला बुडाला, आणि मुंबईची माणसं मिझोरामला जाऊन चॅम्पियन झाली. सिनेमात दाखवलं तर आपण म्हणू, काहीही दाखवतात राव.

जयेश पुढे एटीकेला गेला, तिथे २०१९-२० ची आयएसएल जिंकली. मग एटीकेचं मोहन बागानमध्ये विलीनीकरण. मग बेंगळुरू, मग मुंबई सिटी. देशाच्या दोन्ही लीग जिंकलेला मुंबईचा मुलगा. आता प्रामाणिकपणे सांगा, अंधेरी स्टेशनच्या पुलावर तो तुमच्या शेजारून गेला तर ओळखाल? मीही नाही ओळखणार.

*

परत भेकेकडे. २०१७ मध्ये तो दोन-लीगवाला घोळ संपला. संपला म्हणजे आयएसएल लांब झाली आणि दोन्ही लीग एकाच वेळी सुरू झाल्या, त्यामुळे खेळाडूला एकच बाजू निवडावी लागली. बेंगळुरू एफसी आय-लीग सोडून आयएसएलमध्ये आला आणि भेके त्यांच्याकडे गेला. वय सव्वीस. पहिल्यांदाच त्याला एका जागी सलग काही वर्षं मिळाली. आणि मग बघा काय झालं.

एप्रिल २०१८, भुवनेश्वर, पहिल्या सुपर कपची फायनल. समोर त्याचाच जुना क्लब ईस्ट बंगाल. ईस्ट बंगाल १-० पुढे. बरोबरीचा गोल कोणाचा? भेकेचा. पुढे बेंगळुरू ४-१ जिंकला. त्याच्या आदल्या महिन्यात, १७ मार्च २०१८ ला, बेंगळुरू स्वतःच्या मैदानावर आयएसएलची फायनल चेन्नईयिनकडून हरला होता. बरोबर एक वर्षाने, १७ मार्च २०१९ ला, अंधेरी. ते ११७वं मिनिट.

इथे थोडं टेक्निकल होऊया, कारण मला वाटतं खरी गोष्ट इथे आहे.

भेके फार वेगवान नाही. ड्रिबलिंगची क्लिप बनवून रीलवर टाकावी असंही काही नाही. पण त्याच्याकडे तीन गोष्टी आहेत. एक, तो राइट बॅकही खेळतो आणि सेंटर बॅकही. कोचच्या दृष्टीने हे म्हणजे एका पगारात दोन माणसं. कोणी जखमी झालं, कोणाला कार्ड मिळालं, की हा सरकतो. दोन, कॉर्नरवर त्याचा हेडर. तीन, आणि ही माझी आवडती, त्याचा लाँग थ्रो.

थ्रो-इनचा नियम माहितीये ना? दोन्ही हातांनी, डोक्याच्या मागून, दोन्ही पाय जमिनीवर. आणि एक बारीक गोष्ट जी सोसायटीच्या टर्फवर निम्म्या लोकांना माहीत नसते: थ्रो-इनवरून थेट ऑफसाइड होत नाही. म्हणजे तुमच्याकडे तीस-पस्तीस मीटर बॉल फेकणारा माणूस असेल, तर समोरच्या हाफमधला प्रत्येक थ्रो-इन हा जवळजवळ कॉर्नर होतो. कॉर्नरसारखीच इथेही ऑफसाइडची भीती नाही. कार्लेस कुआद्रातच्या बेंगळुरूने हे हत्यार भरपूर वापरलं. बॉल लाइनबाहेर गेला की भेके डिफेन्स सोडून रमत-गमत टचलाइनपर्यंत यायचा, बॉल जर्सीला पुसायचा, आणि समोरची टीम धावत बॉक्समध्ये गोळा व्हायची. मला तो पुसण्याचा सीन फार आवडतो. गवंडी थापी पुसतो तसं.

या तिन्ही गोष्टींमध्ये एक साम्य आहे. त्या कुठल्याही टीममध्ये चालतात. एखादा मिडफिल्डर विशिष्ट सिस्टिममध्येच फुलतो. पासिंगवाला कोच गेला की तोही गेला. पण लांब थ्रो कोचीत चालतो, कोलकात्यात चालतो, अरबस्तानातही चालतो. ज्याला माहीत नाही की पुढच्या वर्षी आपण कुठे असू, त्याच्या बॅगेत अशीच हत्यारं असावी लागतात. मी स्वतः दोन वर्षांपूर्वी एका प्रोजेक्टवरून रातोरात बाहेर झालो, तेव्हा कळलं की माझं निम्मं ज्ञान त्या एका कंपनीच्या अंतर्गत टूलचं होतं. बाहेर त्याला कोणी विचारत नाही. तेव्हा मला थ्रो-इन आठवला होता, शपथ!

*

भारताकडून पहिली मॅच: ५ जून २०१९, थायलंडमध्ये किंग्ज कप, कुरासाओविरुद्ध. वय अठ्ठावीस. आपण ३-१ हरलो. पण तीन महिन्यांनी, १० सप्टेंबरला, दोहामध्ये आशिया चॅम्पियन कतारला त्यांच्या घरी ०-० रोखलं. सुनील छेत्री नव्हता त्या दिवशी. गोलमध्ये गुरप्रीत भिंतीसारखा उभा, आणि राइट बॅकला भेके. त्या रात्री भारताने अक्षरशः जीव खाऊन डिफेन्स केला. अठ्ठाविसाव्या वर्षी पदार्पण म्हणजे फुटबॉलमध्ये उशीरच. पण वरची यादी वाचल्यावर प्रश्न असा पडतो की आधीची पाच वर्षं नक्की कोणी त्याला एका जागी बघितलं असतं?

२०२१ मध्ये तो मुंबई सिटीला आला. आला एकदाचा घरी! पण कोविडमुळे २०२१-२२ चा अख्खा सीझन गोव्यात झाला, बबलमध्ये, रिकाम्या स्टेडियममध्ये. म्हणजे मुंबईच्या क्लबात आलेला मुंबईचा माणूस पहिला सीझन मडगाव-बांबोळीच्या मैदानांवर आणि हॉटेलात. नशीब म्हणतात ते हेच.

मग ११ एप्रिल २०२२, रियाध. एएफसी चॅम्पियन्स लीग, समोर इराकचा एअर फोर्स क्लब. तोपर्यंत कुठल्याही भारतीय क्लबने या स्पर्धेत एकही मॅच जिंकलेली नव्हती. आदल्या वर्षी एफसी गोवाने तीन बरोबरी केल्या होत्या, तोच रेकॉर्ड. आणि मुंबई सिटी पहिली मॅच अल शबाबकडून ३-० हरलेली. इराकच्या टीमने पहिला गोल केला. सत्तराव्या मिनिटाला दिएगो मौरिसियोने पेनल्टीवर १-१ केलं. पंचाहत्तराव्या मिनिटाला कॉर्नर. गर्दीतून एक डिफेंडर उडाला.

हो, तोच. २-१. भारतीय क्लबचा या स्पर्धेतला पहिला विजय. आणि कॉर्नर घेणारा कोण होता? अहमद जाहू. तोच जाहू, जो २०१९ मध्ये अंधेरीत गोव्याकडून खेळताना रेड कार्ड खाऊन गेला होता आणि बाहेर बसून भेकेचा हेडर बघत होता. आता तो मुंबई सिटीत. रोजंदारांचं जग लहान असतं.

२०२२-२३ मध्ये मुंबई सिटीने लीग शील्ड जिंकली. ४ मे २०२४ ला कोलकात्यात, साठ-बासष्ट हजार मोहन बागानवाल्यांसमोर, फायनल ३-१ जिंकली. कप्तान राहुल भेके. आणि ट्रॉफी उचलल्यावर काही आठवड्यांत परत बेंगळुरू!

मला त्याचा तेव्हा राग आला होता, खोटं कशाला बोलू. ग्रुपवर मी 'गद्दार' वगैरे लिहिलं. आमच्या मुलुंडच्या टर्फवर येणारा एक जण, जो एकेकाळी मुंबईच्या जिल्हा लीगमध्ये खेळायचा आणि आता इन्शुरन्समध्ये आहे, त्याने खाली एवढंच लिहिलं: "तेहेतीस वर्षांच्या डिफेंडरला कोणी दोन वर्षांचा कागद देत असेल तर तू काय करशील?" भेकेच्या करारात काय होतं ते मला माहीत नाही, त्यालाही नाही. पण प्रश्न चोख होता. मी मेसेज डिलीट केला.

*

आता शेवटचा भाग, आणि हा जरा जड आहे.

नोव्हेंबर २०२४, हैदराबाद, भारत विरुद्ध मलेशिया. १-१. भारताचा गोल भेकेचा, आणि अर्थातच हेडर. देशासाठी पहिला गोल, चौतिसाव्या वाढदिवसाला तीन आठवडे बाकी असताना. एप्रिल २०२५ मध्ये बेंगळुरू परत आयएसएलच्या फायनलमध्ये, पण मोहन बागानकडून २-१ हार.

आणि मग जुलैमध्ये सगळंच थांबलं. झालं असं की आयएसएल चालवायचे हक्क ज्या कराराने दिले होते, तो फुटबॉल फेडरेशन आणि फुटबॉल स्पोर्ट्स डेव्हलपमेंट यांच्यातला करार २०१० साली पंधरा वर्षांसाठी झाला होता. डिसेंबर २०२५ ला तो संपत होता. नवीन करार होईना. सीझन सुरू करून मध्येच हक्क संपले तर काय, म्हणून आयोजकांनी सीझनच स्थगित केला. लीग नाही म्हणजे तिकीट नाही, टीव्ही नाही, स्पॉन्सर नाही. ऑगस्टच्या सुरुवातीला बेंगळुरू एफसीने जाहीर केलं की पहिल्या टीमच्या खेळाडूंचे आणि स्टाफचे पगार अनिश्चित काळासाठी थांबवतोय.

हा कुठला फडतूस क्लब नाही. हा तो क्लब आहे ज्याचं नाव 'प्रोफेशनल' म्हणून सगळे घ्यायचे. चौतिसाव्या वर्षी, दोन लीग, दोन बुडालेले क्लब, एक कोविड बबल पार करून माणूस तिथे पोचतो, आणि मग लीगच गायब. विसाव्या वर्षी पगार थांबला तर आई-वडिलांच्या घरी राहता येतं. चौतिशीत फुटबॉलरचे उरलेले सीझन बोटावर मोजावे लागतात, आणि त्यातला एक हवेत.

त्याच ऑगस्टच्या १ तारखेला आणखी एक बातमी आली. भारताचे नवे कोच: खालिद जमील. तेच, मुंबई एफसीवाले. सावियो मदेरांनंतर तेरा वर्षांनी भारतीय माणूस या खुर्चीत. त्यांनी हाती आलेली टीम घेतली, म्हणजे निम्मे बिनसीझनचे खेळाडू, आणि ताजिकिस्तानला काफा नेशन्स कपला गेले. टीममध्ये भेके होता. मुंबई एफसीचा कोच आणि मुंबई एफसीचा डिफेंडर, क्लब मरून आठ वर्षं झाल्यावर, भारताच्या डगआउटमध्ये.

८ सप्टेंबरला तिसऱ्या नंबरसाठी मॅच, समोर ओमान, रँकिंगमध्ये आपल्यापेक्षा कितीतरी वर. उदांताने ८०व्या मिनिटाला १-१ केलं. शूटआउट. आपल्या दोघांनी पेनल्टी घालवली. तिघांनी मारली: छांगते, भेके, जितिन. गुरप्रीतने शेवटची अडवली आणि ३-२ ने आपण जिंकलो. मी ती मॅच फोनवर बघितली, घाटकोपर स्टेशनच्या पुलाखाली उभा राहून, कारण चालत्या लोकलमध्ये नेट गेलं असतं. भेके पेनल्टीला आला तेव्हा मी बाजूच्या वडापाववाल्या दादांना म्हटलं, "हा आपला आहे." दादांनी विचारलं, "आपला म्हणजे?" मी म्हटलं, "मुंबईचा. मुंबई एफसीचा." त्यांनी मान डोलावली आणि पुढच्या गिऱ्हाइकाला चटणी दिली.

लीग शेवटी १४ फेब्रुवारी २०२६ ला सुरू झाली, छोट्या सीझनची. दरम्यान मुंबई सिटीतून सिटी फुटबॉल ग्रुप बाहेर पडला होता. त्यावर वेगळा एपिसोड करायचाय, कारण ती फक्त पैशाची गोष्ट नाही आणि मला अजून ती नीट समजलेली नाही.

गेल्या आठवड्यात बोरिवलीच्या एका श्रोत्याने विचारलं होतं की धाकटा भाऊ सोळाचा आहे, डिफेंडर आहे, फुटबॉलमध्ये करिअर करू द्यावं का. अरे मित्रा, मी कोडिंग करतो, मला काय विचारतोस! पण एक विचारायचं होतं: तो थ्रो किती लांब टाकतो?

कॉमेंटमध्ये सांग. भेटू पुढच्या गुरुवारी.